पाय असलेला माल

बेबीनंदाला एका जागी बसवत नाही, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. तव्यावर भाकरी टाकली की ती उलटायच्या आत ही बाई अंगणात जाऊन कोकरू बांधून यायची. अशा बाईला जुन्या जालन्यात, एका कापडदुकानाच्या माडीवर, दहा दिवस सतरंजीवर बसवलं म्हणजे तिचे काय हाल झाले असतील, तुम्हीच विचार करा! बचत गटातल्या बायांना धंदा कसा करायचा हे शिकवायचं प्रशिक्षण होतं. बाकीच्या बाया चहा कधी येतो ते बघत होत्या. बेबीनंदा कार्तिकातली पुनव किती दिवसांवर आली ते बोटांवर मोजत होती.

पुनवेला मेंढरं हलायची, ही दरसालची रीत. अंबड-शहागड रस्त्याच्या आतल्या अंगाला यांची वस्ती, बारा-चौदा घरं, सगळी मेंढरंवाल्यांची. पावसाळाभर मेंढरं वस्तीवर असतात. पुनव झाली की घरांना कुलपं, घोड्यावर बिऱ्हाड, आणि गोदाकाठानं जी वाट धरायची ते मिरगाच्या, म्हणजे जूनच्या, तोंडावरच परतायचं. आणि यंदा बेबीनंदाची रेणू दहावीत होती. परीक्षा मार्चात. पोरगी मेंढरांमागं गेली की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की उन्हाळ्यात दारात पाहुणे येऊन बसतात, हे बेबीनंदाला कुणी सांगायला नको होतं. तिचं स्वतःचं तसंच झालं होतं. नववीचं दप्तर अजून माहेरच्या माळ्यावर पडलं असेल.

वसतिगृहाचा फॉर्म भरून झाला होता. जागा संपल्या म्हणाले. सासू वारून चार वर्षं झालेली. घरी राहणार कोण?

"एकटी ठिवती का पोरीला?" तिचे सासरे रायभान म्हणाले होते. "आख्खी वस्ती रिकामी ऱ्हाती. कुत्रंसुदिक संगं येतं आपल्या."

"मंग यंदा मेंढरं हलवू नका, मामा."

"आन् खातील काय ती? चारा इकत घ्यायला पैसा लागतो. कुठनं आनती?"

"खत इकते."

म्हातारा हसला. वस्तीमागं चार महिन्यांच्या लेंडीखताचा ढीग पडलेला असतो, तो दरसाल कुणीतरी ट्रॉलीवाला येऊन मातीमोल भावानं उचलून नेतो. त्यातून चाऱ्याचा पैसा? पण सून हटेना. रायभाननं शेवटी पटका सारखा केला आणि म्हणाले, "पुनवेपतूर शंभर पिशव्या इकून दाखव. इकल्या तर मेंढरं हलत न्हाईत, माझी जबान. न्हाई इकल्या तर पोरगी घोड्यामागं चालंल. पुन्ना बोलायचं न्हाई."

तर हे असं डोक्यावर घेऊन बेबीनंदा त्या माडीवर बसली होती.

शिकवायला साक्षी मॅडम होत्या. वय पंचविशीच्या आतबाहेर, जालन्याच्याच, आवाज खणखणीत. त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: माल, भाव, जागा, जाहिरात. "आपण काय विकतो, केवढ्याला विकतो, कुठं विकतो, आणि लोकांना कळवतो कसं. हे बाजेचे चार पाय समजा. एक आखूड पडला की बाज डुगडुगते. मग काय करायचं?"

"सुताराला बोलवायचं," मागून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"सुतार तुम्हीच!" मॅडम म्हणाल्या. "पण एका वेळी एकच पाय तासायचा. तासला की बसून बघायचं. चारही एकदम तासले तर कुठला आखूड होता ते कधीच कळणार नाही."

बेबीनंदानं हे वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिचं एक पाऊल जिन्याकडं वळलेलं होतं. लिहिलं एक आणि ऐकलं भलतंच, असं झालं ते.

घरी आल्या आल्या तिनं पदर खोचला. मालापासून सुरुवात. आता बघा, लेंडी ती लेंडीच, काळी, गोल, दिसायला जशी असते तशी. पण बेबीनंदाला तिची लाज वाटली. जन्म मेंढरांत गेला, अंगाला तोच वास, शाळेत पोरी नाकाला रुमाल लावायच्या ते ती विसरली नव्हती. बाजारात चांगल्या माणसांपुढं लेंडी मांडायची? छे! तिनं चार दिवस लेंडी बडवली. मुसळानं बडवली, चाळणीनं चाळली, कॉफीच्या भुकटीसारखी बारीक केली. अंबडहून चकचकीत पिशव्या आणल्या, दहा-दहा किलोच्या. वर गुलाबाचं चित्र, आणि नाव 'रेणू गोल्ड'.

"गोल्ड?" तिचा नवरा सुग्रीव पिशवी हातात घेऊन म्हणाला. "लेंडीला? मंग उद्यापून मेंढरांमागं पोलिस ठिवावा लागंल."

"हसा," ती म्हणाली. "पोरगी चालंल घोड्यामागं तवा बी हसा."

सुग्रीवनं पिशवी खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. बापापुढं तोंड उघडायची सवय नव्हती, एवढंच.

अंबडच्या बाजारात तिनं पिशव्या मांडल्या, ऐंशी रुपयाला एक. सकाळचे अकरा वाजले, एक वाजला. माणसं यायची, गुलाब बघायची, पुढं जायची. ही बसायची, उठायची, पिशव्या पुसायची, परत बसायची. दुपारी एक शेतकरी थांबले, रामराव नावाचे. दोन एकर आलं, थोडी मोसंबी, वस्तीपासून कोसभरावर शेत. त्यांनी पिशवी फोडायला लावली, चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"बाई, यात लेंडी कुठंय?"

"हाय की. बारीक केली. कंपनीवाणी."

"अवो, दिसली न्हाई तर मला कळावं कसं? लेंडी हाय का नाल्याची माती हाय?" रामराव जरा मोठ्यानंच बोलले. "आम्ही लेंडी बोटानं फोडून बघतो. आत चाऱ्याचं तूस दिसलं की मेंढरू कुठं चरलं तेबी सांगतो. तुम्ही तर पुरावाच बडवून टाकला!"

झालं! आजूबाजूच्या चार माणसांनी माना हलवल्या. दिवसभरात सात पिशव्या गेल्या, त्यातल्या दोन तिच्या मावशीनं नेल्या.

बेबीनंदा तणतणत घरी आली. चार दिवसांची मेहनत मातीत! तिला रामरावांचा राग आला, मॅडमचा आला, गुलाबाचा तर फारच आला. दुसऱ्या दिवशी तिनं सगळंच उलटंपालटं केलं. लेंडी अख्खी ठेवली. पिशवी पारदर्शक घेतली. गुलाब गेला, रेणूनं मोबाइलवर काढलेला मेंढीचा फोटो चिकटवला. भाव ऐंशीचा पन्नास केला. आणि अंबड सोडून शहागडला, पुलाच्या अलीकडं, हायवेच्या कडेला मोसंबीवाल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सोलापूर-संभाजीनगरच्या गाड्या तिथं मोसंबीला थांबतात. दोन दिवसांत अठरा पिशव्या गेल्या. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी अकरा.

तिनं साक्षी मॅडमला फोन लावला. "मॅडम, खपून राह्यलंय, पण कशानं खपून राह्यलंय ते कळून न्हाई राह्यलं."

"काय बदललं बेबीताई?"

"सगळं."

"चारही पाय एकदम तासले ना?"

"जल्दी होती मॅडम. पुनव जवळ आली."

"जल्दी होती म्हणूनच एकेक बदलायचं होतं. आता असं करा. फक्त भाव वाढवा. बाकी कशाला हात लावू नका. दोन दिवस बघा, मग फोन करा."

फक्त भाव वाढवून दोन दिवस गप बसायचं! दुसरं काही करायचं नाही! बेबीनंदाला ते दोन दिवस दोन वर्षांसारखे गेले. पन्नासचे नव्वद केले आणि पिशव्या तेवढ्याच गेल्या. म्हणजे स्वस्त होतं म्हणून कुणी घेत नव्हतं. उगाच पन्नासला दिल्या! मग तिनं तीच पिशवी, तोच भाव घेऊन पुन्हा अंबडचा बाजार केला. तीन गेल्या. म्हणजे जागेचा फरक होता. शेतकऱ्याला दहा किलोचं कौतुक नाही, कुंड्या लावणाऱ्या गाडीवाल्यांना आहे. ती शहागडला परतली. फोटोखाली रेणूच्या अक्षरात 'कुंडीत दोन मूठ पुरे' एवढी एक ओळ वाढवली आणि पिशव्या वाढल्या. पहिल्यांदाच तिला कशानं काय होतं ते कळलं. असं कळण्यात एक मजा असते, ती तिला त्या धुळीत उभ्याउभ्या आली.

पण मजेनं पुनव थांबते का? पाच दिवस उरले तेव्हा एकसष्ट पिशव्या झाल्या होत्या. त्यातही टमटमचं जायचं-यायचं भाडं वजा जाता हातात उरायचं ते चाऱ्याच्या दोन पेंढ्यांपुरतं. शंभर झाल्या असत्या तरी दीडशे मेंढरं उन्हाळ्यापर्यंत जगली नसती, हे तिला कळून चुकलं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्याच दिवशी रामराव आपली मोसंबी घेऊन शहागडला आले. तिची पिशवी उचलली, एक लेंडी काढून फोडली.

"हां! ही लेंडी. कपाशीच्या रानात चरलेलं दिसतंय."

"घ्या मंग वीस पिशव्या," बेबीनंदा ताडकन म्हणाली.

रामराव खो खो हसले. "दोन एकर आल्याला पिशव्यांनी खत घालू? म्हैस इकावी लागंल मला."

"ट्रॉली पाठवते."

"ट्रॉलीचं भाडं, भरायची मजुरी, रानात पांगवायची मजुरी. बाई, रागवू नका, पर एक सांगू? तुमच्या मालाला चार पाय हायती. सवता चालत येतो, सवता पांगतो, वर मूत फुकटात देतो. आन् तुम्ही त्याला पिशवीत कोंबून हितं रस्त्यावर उभ्या!"

आधी तिला हसू आलं. मग एकदम हसू थांबलं.

मेंढरं बसवणं तिला काय माहीत नव्हतं? जन्मल्यापासून तेच बघितलं होतं. वाटेनं जाताना दिवस मावळला की कुणीतरी शेतकरी हात करतो, मेंढरं त्याच्या रानात मुक्कामाला बसतात, रान खतानं भरून जातं. सकाळी शेतकरी देईल ते घ्यायचं. पायलीभर ज्वारी, गूळ, कधी दोन नोटा. भाव बोलायचा नाही, ही रायभानच्या घराची रीत. मेंढरू बसतं ती लक्ष्मी, तिचा भाव करायचा नाही, असं त्यांचे वडील सांगून गेले होते. कुणी मुठीत मावेल एवढं दिलं तरी रायभान कपाळाला लावून पुढं चालायचे. म्हणून मग सहा-सात महिने चालावं लागायचं. उद्याचा मुक्काम कुठं, ते आज कुणालाच माहीत नसायचं.

आणि आधीच ठरवलं तर? बेबीनंदाच्या डोक्यात चार शब्द भराभर फिरायला लागले. माल, मेंढरं स्वतः. जागा, शेतकऱ्याचं रान, पण वस्तीच्या आसपासचंच. भाव, आधी बोललेला. एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात, दोन-दोन कोसांच्या आत मार्चपर्यंतचे दिवस निघाले असते! चारा रानातच, कमी पडला तर मुक्कामाच्या पैशातून. बाप-लेक मेंढरांमागं, आपण दिवसा तिथं भाकरी पोचवायची, दिवस मावळायच्या आत घरी पोरीजवळ.

"रामरावदादा, आलंवाले किती हायती तुमच्या ओळखीचे?"

"गटच हाय आमचा. चौदा जण."

"नंबर द्या."

दोन दिवस ती फोनला चिकटून होती. चालता चालता बोलायची, त्यामुळं अंगणात पायवाट पडली. नऊ जण तयार झाले. पण प्रत्येकानं शेवटी एकच अडचण काढली, आणि ती खोटी नव्हती. मेंढरांसाठी रान मोकळं ठेवायचं म्हणजे त्यात हरभरा पेरायचा नाही. मग मेंढरं आलीच नाहीत तर? "बाई, तुमच्यावर भरवसा हाय, पर मेंढरं रायभानची. म्हाताऱ्याची जबान पायजे. त्यानं हो म्हणावं आन् भाव बोलावा. पुनवेला सकाळी आम्ही येतो."

शेवटचा फोन झाला त्याच दुपारी तिनं सासऱ्यांपुढं ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. रायभाननं हातातला घास खाली ठेवला.

"माझ्या मेंढरांचा भाव फोनवर केला तू?"

"केला न्हाई. तुम्हीच बोलायचाय."

"म्या? ह्या तोंडानं?" म्हाताऱ्यानं ताट पुढं सरकवलं. "माझ्या बापानं कवा केला न्हाई. दारूवानी, मटनावानी भाव करू लक्ष्मीचा? पिशव्या शंभर झाल्या का? न्हाई ना? मंग इषय संपला."

"न्हाई झाल्या!" बेबीनंदा ओरडली. सासऱ्यांपुढं अशी ती आयुष्यात ओरडली नव्हती. सुग्रीव दारात येऊन उभा राहिला. "एकसष्ट झाल्या. हरले मी. पर मामा, भाव न बोलता काय मिळालं आपल्याला? सोळा वर्षं म्या घोड्यामागं चालले. रेणू झाली ती बी वाटंवर झाली, कुणाच्या तरी कडब्याच्या वळईआड. मला शिकायचं व्हतं हो! कुणी इचारलं बी न्हाई. आता तिला तरी इचारा."

रायभान ताटावरून उठले. दोन दिवस मेंढरांमागंच राहिले.

पुनवेची सकाळ उजाडली. वस्तीत गडबड. कुणाचं घोडं फुरफुरतंय, कुणी कुलूप शोधतंय. रायभाननं स्वतःच्या घोड्यावर खोगीर टाकलं, त्यावर वाकळा, वर कोंबड्यांची डाल. बेबीनंदा आत-बाहेर करत होती, काही बांधत नव्हती, काही सोडत नव्हती. रेणू शाळेचा ड्रेस घालून ओट्यावर उभी. दप्तर पाठीवर होतं आणि घोड्याची दोरी हातात. दोन्ही तिनं स्वतःच घेतलं होतं. पुढं काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

इतक्यात रामरावांची मोटारसायकल आली, मागं आणखी दोन गाड्या. पाच-सहा शेतकरी अंगणात उभे राहिले. घोड्यावरचं सामान बघून एकमेकांकडं बघायला लागले.

"राम राम रायभानबुवा," रामराव म्हणाले. "आम्ही रान मोकळं ठिवायला तयार हाओत. तुम्ही भाव बोला, आम्ही निघतो."

रायभान डालीची दोरी आवळत राहिले. गाठ बसली तरी आवळतच राहिले. सुग्रीवनं घसा साफ केला, सगळ्यांना वाटलं आता बोलेल, पण त्यानं नुसतं बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मग म्हातारा वळला, पण शेतकऱ्यांकडं नाही.

"रेणू, तुझा शेवटला पेपर कवा हाय?"

"मार्चात, आबा. अठरा तारखेला."

"बराबर ध्यानात हाय का?"

"हाय, आबा."

रायभान रामरावांकडं फिरले. "अठरा मार्चापतूर मेंढरं ह्या शिवाराभाईर जात न्हाईत. ही माझी जबान." पटका सारखा केला. "भाव म्या बोलनार न्हाई. म्या कवा बोललो न्हाई. भाव आमची सून सांगती."

सगळ्यांच्या नजरा बेबीनंदाकडं वळल्या. रेणूनं तिच्या दंडाला हळूच चिमटा काढला.

"हजार," ती म्हणाली. "दीडशे मेंढरांच्या एका मुक्कामाचे हजार."

"आठशे करा, बाई."

महिन्याभरापूर्वीची बेबीनंदा असती तर घाईघाईनं आठशे म्हणाली असती, वर दोन पिशव्या फुकट दिल्या असत्या. आज ती थांबली. "भाव हजारच, दादा. पर पहिल्या दोन मुक्कामांनंतर रान बघा. पटलं न्हाई तर मेंढरं उठवून नेते, रुपाया देऊ नका."

रामरावांनी बाकीच्यांकडं बघितलं. एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं. "आज सांच्याला माझ्याकडून सुरुवात," रामराव म्हणाले, आणि गाड्या चालू झाल्या.

"मम्मी, बस यायची येळ झाली," रेणू म्हणाली.

"मंग पळ की! बघून काय राह्यली?"

रेणूनं दोरी आजोबांच्या हातात दिली आणि पळाली. बांधाच्या वळणावर दप्तर उडताना दिसलं, मग तेही दिसेनासं झालं. बेबीनंदा ओट्यावर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. सुग्रीव येऊन तिच्याशेजारी बसला.

रायभाननं घोड्यावरची डाल सोडली, वाकळा उतरवल्या, एकेक करून भिंतीशी नेऊन ठेवल्या. शेवटची वाकळ ठेवताना सुनेकडं न बघता पुटपुटले, "हजार म्हने. म्या असतो तर बाराशे सांगितले असते."